फायनान्सची पदवी: तीन वर्षं, एक कंपनी आणि तिचा वार्षिक अहवाल

फायनान्सच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला डब्ल्यूएसीसीचं (कर्ज आणि भागभांडवल मिळून भांडवलाचा सरासरी खर्च) सूत्र विचारा, झोपेतून उठून सांगेल. मग त्याच्यापुढे एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल ठेवा आणि हिला कर्ज किती टक्क्यांनी पडतं ते काढायला सांगा. बहुतेक मुलं इथे अडतात. युनिटवार नोट्स, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि परीक्षेच्या तोंडावर गणितांचा रट्टा एवढ्यावर पदवी मिळते, गुणही बरे पडतात. पितळ उघडं पडतं ते मुलाखतीत.

मी सुचवतोय ती रीत अशी: पहिल्याच सत्रात शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी निवडा आणि पदवी हातात पडेपर्यंत तिला सोडू नका. वर्गात जे शिकाल ते त्याच आठवड्यात तिच्या आकड्यांवर लावून बघा. प्रवेश, सीए-सीएफएसारख्या परीक्षा, इंटर्नशिप हे सगळं महत्त्वाचं आहेच, त्याबद्दलही पुढे लिहिलंय. पण अभ्यासाचा कणा ही एक कंपनी.

पायरी १: कोर्सचं नाव नको, नावामागचे नियम बघा

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत फायनान्सकडे नेणारे रस्ते बरेच आहेत. बीएएफमध्ये (अकाउंटिंग अँड फायनान्स) अकाउंट्स, कॉस्टिंग, कर आणि ऑडिट यांचा भार जास्त. बीएफएम म्हणजे फायनान्शियल मार्केट्स. त्यात रोखे, डेरिव्हेटिव्ह्ज (फ्युचर्स-ऑप्शन्ससारखे करार), बाजाराची रचना. बीबीआय बँकिंग आणि विम्याकडे झुकलेला. बीएमएसमध्ये (मॅनेजमेंट स्टडीज) सगळं थोडं थोडं, आणि पुढे फायनान्सचा गट निवडता येतो. पुण्याकडे बीबीए करून फायनान्स घेतात, किंवा साधं बीकॉम करून कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंग नाही तर बँकिंग अँड फायनान्स हा विशेष विषय निवडतात. पहिल्या वर्षाचे विषय या सगळ्यांत बऱ्यापैकी सारखे असतात, त्यामुळे जूनमध्ये नावावरून झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

नियमांवरून मात्र जरूर उडवून घ्या. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीबीएम आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू केली. इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्यज्ञान आणि संगणकाची तोंडओळख असे तिचे भाग असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे झाल्यावर अनेक कॉलेजांनी आपल्या बीएमएसचं नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) केलं, म्हणजे सीईटीची अट नको. परिणामी शेजारशेजारच्या दोन कॉलेजांत जवळपास तोच अभ्यास, पण एकीकडे सीईटीने प्रवेश आणि दुसरीकडे बारावीच्या गुणांवर, अशी स्थिती दिसते.

म्हणून प्रवेशाच्या खिडकीवर हे विचारून घ्या: पदवी प्रमाणपत्रावर नेमकं काय नाव छापलं जाईल? कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाचा पेपर येतो? आणि ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थेट खिशाला लागतं. बीएएफ, बीएफएमसारख्या तुकड्या बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात आणि त्यांची फी त्याच इमारतीत चालणाऱ्या अनुदानित बीकॉमच्या कित्येक पट असते. माझं मत स्पष्ट आहे. घरची ओढाताण असेल तर चांगल्या कॉलेजातलं अनुदानित बीकॉम घ्या आणि वाचलेल्या पैशांतून सीए किंवा एनआयएसएमच्या (सेबीने स्थापन केलेली शेअर बाजार शिक्षणाची संस्था) परीक्षा द्या. त्यात कमीपणा काहीच नाही. मुंबईचं सिडनहॅम १९१३ पासून, पोदार १९४१ पासून आणि पुण्याचं बीएमसीसी १९४३ पासून वाणिज्य शिकवतंय. या पिढ्यान्‌पिढ्या साध्या बीकॉमवरच उभ्या राहिल्या.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आणि वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना या दोन पहिल्यांदा तपासा. आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी मिळाली, पण ती केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला घेतलेल्या प्रवेशासाठी. तेव्हा कुठल्या मार्गाने प्रवेश घेताय आणि तुमचा कोर्स त्यात बसतो का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर मे महिन्यातच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग असते.

पायरी २: तीन वर्षं की चार?

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, पण निव्वळ त्यावर फायनान्समध्ये नोकरी मिळेल अशी आशा धरू नका. चौथं वर्ष कुणी करावं? परदेशात मास्टर्सला जायचंय, किंवा संशोधनात जायचंय, त्यांनी. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात होतं, हा फायदा धरून हिशेब करा. एमबीए किंवा सीएकडे जाणाऱ्यांना तीन वर्षं पुरतात. अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) आणि अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं पहिल्या सत्रातच उघडा आणि आधारवरचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळतंय ना बघा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव आहे की नाही, यावर नंतर फार खेटे घालावे लागतात.

पायरी ३: कंपनी निवडा

काय बनवते ते तुम्ही आजीला समजावून सांगू शकाल अशी कंपनी घ्या: पंप, केबल, सिमेंट, बिस्किटं, साबण. बाजारात नोंदून दहा वर्षं तरी झालेली असावी. थोडं कर्ज अंगावर असलेली असेल तर उत्तम, कारण बिनकर्जाच्या कंपनीवर भांडवल रचनेचा अभ्यास करता येत नाही. पहिल्या वर्षी बँक, विमा कंपनी किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) घेऊ नका. त्यांच्या ताळेबंदाची जात वेगळी. ठेव ही बँकेची देणी असते आणि दिलेलं कर्ज ही मालमत्ता, इथेच नवखा गोंधळतो. डझनभर धंदे एकाच छत्राखाली असलेले मोठे समूहही नकोत.

जवळची कंपनी असेल तर मजा वाढते. सांगली भागातल्या मुलाने किर्लोस्कर ब्रदर्स घेतली तर किर्लोस्करवाडी त्याच्या ओळखीची असते, पंप शेतात बघितलेला असतो, आणि ‘इन्व्हेंटरी’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर काहीतरी येतं.

अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात किंवा बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतो. मागची पाच वर्षं उतरवून घ्या. इंग्रजीची भीती वाटत असेल तर सोबत एक युक्ती करा. घरात कुणी सहकारी साखर कारखान्याचं, पतसंस्थेचं किंवा नागरी बँकेचं सभासद असेल तर सर्वसाधारण सभेआधी मराठीत छापलेला अहवाल घरी येतो. सहकार कायद्यानुसार ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर घ्यावी लागते. त्यानंतर अहवाल सहसा माळ्यावर किंवा रद्दीत गेलेला असतो, तो काढा. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, घसारा, तरतुदी, राखीव निधी हे सगळं मराठीत एकदा वाचलं की इंग्रजी अहवालातल्या निम्म्या संज्ञा आपोआप जागेवर बसतात.

पायरी ४: पहिलं वर्ष, आकडे वाचायला शिका

अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. सुरुवातीची पानं गुळगुळीत कागदावरच्या हसऱ्या फोटोंची असतात. मी सुचवेन तो क्रम असा.

आधी रोख प्रवाह पत्रक, म्हणजे कॅश फ्लो स्टेटमेंट. त्याचे तीन भाग असतात: रोजच्या धंद्यातून आलेली रोकड, गुंतवणुकीत गेलेली रोकड आणि कर्ज-भांडवलाची देवाणघेवाण. पाच वर्षांची धंद्यातून आलेली रोकड एकत्र बेरजेला घ्या आणि तिला पाच वर्षांच्या निव्वळ नफ्याने भागा. उत्तर एकच्या आसपास किंवा वर असेल तर नफा हातात येतोय. ०.४ वगैरे आलं तर नफा उधारीत किंवा गोदामात अडकलाय, आणि तो कुठे अडकलाय ते शोधणं हा तुमचा पुढच्या महिन्याचा अभ्यास.

त्यानंतर नफा-तोटा आणि ताळेबंद. मग टिपा. खरा माल टिपांत असतो: संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, संभाव्य देणी, उधारी किती महिन्यांपासून थकलीय त्याचा तक्ता. शेवटी ऑडिटरचा अहवाल. त्यात ‘की ऑडिट मॅटर्स’ या शीर्षकाखाली ऑडिटरने कुठल्या बाबींवर जास्त लक्ष दिलं ते लिहिलेलं असतं.

गुणोत्तरं पाठ करण्याऐवजी ड्यूपाँटची साखळी वापरा. समजा एका कंपनीचा विक्रीवर नफा ८ टक्के, मालमत्तेची उलाढाल १.२ पट आणि मालमत्ता भागधारकांच्या निधीच्या १.५ पट. गुणाकार केला की भागधारकांना १४.४ टक्के परतावा. दुसऱ्या कंपनीचा नफा फक्त ४ टक्के, उलाढाल तीच १.२, पण मालमत्ता निधीच्या ३ पट. परतावा पुन्हा १४.४ टक्केच. पहिली धंद्याच्या जोरावर कमावते, दुसरी कर्जाच्या. व्याजदर दोन टक्क्यांनी वाढले तर कुणाला घाम फुटेल, हे सूत्र पाठ न करताही सांगता येईल. आता हे तीन आकडे तुमच्या कंपनीचे पाच वर्षांसाठी काढा आणि कुठला आकडा का हलला ते एका पानात लिहा. हे पान जपून ठेवा.

पायरी ५: खेळतं भांडवल, जिथे धंदे बुडतात

पुस्तकात वर्किंग कॅपिटलला एक प्रकरण असतं आणि परीक्षेत एक गणित. प्रत्यक्षात एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराचं निम्मं आयुष्य यातच जातं, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे.

एक छोटा वर्कशॉप घ्या. महिन्याची विक्री १० लाख, खर्च ८ लाख. कागदावर दरमहा दोन लाख नफा. कच्चा माल ३० दिवस पडून, उत्पादनाला १५ दिवस, गिऱ्हाईक पैसे देतं ७५ दिवसांनी, आणि आपल्याला माल देणारा थांबतो ३० दिवस. म्हणजे ३० अधिक १५ अधिक ७५ वजा ३०, एकूण ९० दिवस मालकाचे पैसे बाहेर. महिन्याला ८ लाख खर्च धरला तर ढोबळमानाने २४ लाख सतत अडकलेले. विक्री दुप्पट झाली तर अडकलेली रक्कमही दुप्पट! ऑर्डर वाढल्यावर मालक पेढे वाटतो आणि तीन महिन्यांनी पगाराला पैसे नसतात, त्याचं कारण हे.

आता बँक काय करते ते बघा. छोट्या उद्योगांसाठी नायक समितीच्या पद्धतीत वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज धरतात. त्यातले उलाढालीच्या २० टक्के बँक देते, उरलेले ५ टक्के मालकाने घालायचे. वरच्या वर्कशॉपची वार्षिक उलाढाल १ कोटी २० लाख, म्हणजे बँकेची मर्यादा २४ लाख. पण मर्यादा मंजूर झाली म्हणजे तेवढे पैसे उचलता आले असं नाही. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, त्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर (त्या महिन्यात प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) काढणार, ठरावीक दिवसांपेक्षा जुनी उधारी त्यातून वगळणार. कॅश क्रेडिट खातं असलेल्या कुणा ओळखीच्या दुकानदाराकडे किंवा कारखानदाराकडे बसून एका महिन्याचं हे स्टेटमेंट भरून बघा. पुस्तकातल्या खेळत्या भांडवलावरच्या टंडन समितीचं टिपण लिहिण्यापेक्षा जास्त शिकाल.

उधारी वसुलीला कायद्याचाही आधार आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून आयकरातही तरतूद आली की ही मुदत उलटली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. तुमच्या कंपनीच्या टिपांत छोट्या पुरवठादारांची थकबाकी वेगळी दाखवलेली असते. ती काढा.

हंगामी धंद्याचं खेळतं भांडवल बघायचं तर साखर कारखान्यासारखं उदाहरण नाही. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतं. उसाचे पैसे नियमाने १४ दिवसांत द्यायचे. साखर मात्र वर्षभर विकायची, तीही केंद्राने ठरवून दिलेल्या मासिक कोट्यातच. मग मधला काळ कसा काढायचा? साखरेची पोती बँकेकडे तारण ठेवून उचल घ्यायची, त्यातून ऊस बिल भागवायचं, आणि साखर विकली जाईल तसं तारण सोडवायचं. पोत्यांवर व्याज चढत असतं. साखरेचा भाव पडला की तारणाचं मूल्यांकन पडतं आणि उचल कमी होते, आणि नेमकं तेव्हाच एफआरपीसाठी (उसाच्या किमान दरासाठी) आंदोलन सुरू होतं. पुस्तकातल्या ऑपरेटिंग सायकलचा एकेक शब्द इथे प्रत्यक्ष दिसतो. नोंदणीकृत साखर कंपनीचा मार्च आणि सप्टेंबरचा ताळेबंद शेजारी ठेवा. साठ्याच्या आणि अल्पमुदत कर्जाच्या आकड्यांत हंगाम लख्ख दिसेल.

पायरी ६: दुसरं वर्ष, आजचा रुपया आणि पाच वर्षांनंतरचा

एनपीव्ही (आजच्या किमतीत निव्वळ फायदा), आयआरआर (ज्या दराला हा फायदा शून्य होतो) आणि डब्ल्यूएसीसी यांना मुलं तीन वेगळी प्रकरणं समजतात. प्रश्न एकच आहे: आज घातलेले पैसे, ते उभे करायला लागलेल्या खर्चापेक्षा जास्त कमावतील का?

१० लाखांचं यंत्र, पाच वर्षं दर वर्षाअखेर ३ लाखांची रोकड. भांडवलाचा खर्च १२ टक्के. आजच्या किमतीत या पाच हप्त्यांचं मूल्य १०,८१,४३३ रुपये, म्हणजे एनपीव्ही ८१,४३३. आयआरआर साधारण १५.२ टक्के. दर १६ टक्के धरला तर एनपीव्ही उणे होते. आधी हे तक्ता वापरून हाताने करा, मग एक्सेलमध्ये.

एक्सेलमध्ये एक खड्डा आहे. त्यातलं एनपीव्हीचं फंक्शन पहिली रक्कम आज नव्हे तर वर्षाअखेर धरतं. उणे १० लाखांसकट सगळे आकडे त्यात टाकले तर उत्तर ७२,७०८ येतं, जे चूक आहे. फंक्शनमध्ये फक्त पाच वर्षांची आवक द्यायची आणि १० लाख बाहेरून वजा करायचे. एवढी एक गोष्ट मुलाखतीत सांगितलीत तरी समोरचा मान वर करून बघतो.

आता तुमच्या कंपनीचा डब्ल्यूएसीसी. कर्जाचा खर्च काढायला नफा-तोटा पत्रकातला फायनान्स कॉस्ट घ्या, पण आधी टीप उघडा. त्यात भाडेपट्ट्यावरचं व्याज आणि बँकेचे आकारही मिसळलेले असतात. उरलेल्या व्याजाला वर्षारंभ आणि वर्षाअखेरच्या कर्जाच्या सरासरीने भागा. मार्चअखेर बऱ्याच कंपन्यांचं कर्ज नेहमीपेक्षा कमी दिसतं, हे लक्षात ठेवून सहामाहीचा आकडाही बघा. भागभांडवलाच्या खर्चासाठी बीटा (बाजार हलला की शेअर त्याच्या किती पट हलतो ते माप) लागतो: एनएसईवरून शेअरचे आणि निफ्टीचे साप्ताहिक भाव घ्या, टक्केवारीत बदल काढा, एक्सेलचं स्लोप फंक्शन लावा. समजा कर्ज १० टक्क्यांनी, भागभांडवल १४ टक्क्यांनी, प्रमाण ४० आणि ६०. कंपनीने सवलतीचा कर पर्याय घेतला असेल तर अधिभार-उपकरासह कर २५.१७ टक्के. करानंतर कर्ज ७.४८ टक्क्यांना पडलं आणि डब्ल्यूएसीसी सुमारे ११.४ टक्के.

मोदिग्लियानी-मिलर (१९५८), मार्कोविट्झ (१९५२), वॉल्टर, गॉर्डन या सिद्धांतांवर टिपण लिहिताना गृहीतकं आधी लिहा. कर नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, सगळ्यांना सारखी माहिती. मग एकेक गृहीतक मोडून तुमच्या कंपनीचं काय होतं ते दोन ओळींत. तपासणाऱ्या शिक्षकाला असा पेपर शेकड्यांत एखादाच दिसतो.

करांच्या विषयात मात्र जुन्या नोट्सपासून सावध राहा. १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘मागील वर्ष’, ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. तुमच्या परीक्षेला कुठला कायदा आहे ते अभ्यासक्रमाच्या परिपत्रकात बघा. सिनियरच्या झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका.

पायरी ७: जोडीला कुठली परीक्षा?

सगळ्या नको. एक मोठी आणि फार तर एक छोटी.

सीए करायचं ठरलंच असेल तर बारावीनंतर फाउंडेशन द्या. अकाउंट्स, कायदा, गणित-संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र असे चार पेपर, त्यातल्या शेवटच्या दोनांत चुकीला पाव गुण कापतात. ठरत नसेल तर आधी पदवी घ्या. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला बसता येतं. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे, आणि ऑफिस सांभाळून ७५ टक्के हजेरीचं कॉलेज करणं म्हणजे रोजची कसरत. कॉलेज निवडतानाच याचा विचार करा.

सीएफएची (गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) पहिली पातळी पदवीला २३ महिने उरलेले असताना देता येते, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून. फी डॉलरमध्ये असते आणि रुपया घसरला की वाढते. गुंतवणूक संशोधनात जायचं नक्की असेल तरच घ्या.

छोट्या परीक्षांत एनआयएसएम मला सगळ्यांत किफायतशीर वाटते. सेबीने स्थापन केलेली ही संस्था. तिचा परिसर रायगड जिल्ह्यात रसायनीजवळ पाताळगंगेला आहे. म्युच्युअल फंड वितरकांची सिरीज ५-ए सुट्टीत तयारी करून देता येते: १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ५०, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. अभ्यासाचं पुस्तक त्यांच्याकडूनच मिळतं. क्लास लावायची गरज नाही.

बँकेत जायचं असेल तर पदवीचे टक्के सांभाळा. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेला खुल्या गटात ६० टक्के लागतात. ५८ वर अडकलेली हुशार मुलं दर वर्षी दिसतात.

आणि ऑप्शन ट्रेडिंग? ‘प्रॅक्टिकल नॉलेज’ म्हणून हॉस्टेलवर जे चालतं त्याबद्दल सेबीचाच अभ्यास बोलका आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. डेरिव्हेटिव्ह्ज कागदावर शिका, पेऑफच्या आकृत्या काढा. फीचे पैसे त्यात घालू नका.

पायरी ८: ऑन जॉब ट्रेनिंग

नव्या रचनेत ओजेटीला चार क्रेडिट आहेत, म्हणजे साधारण १२० तास. ओळखीच्या माणसाकडून शिक्का आणून ते उरकण्याची पद्धत जोरात आहे. तसं करू नका. मोठ्या नावाच्या कंपनीत फाइली उचलत बसण्यापेक्षा गावातल्या सीएच्या ऑफिसात टॅलीवर बिलं चढवा, बँक रिकन्सिलिएशन करा, खरेदी रजिस्टर जीएसटीच्या टूबीशी (पुरवठादारांच्या रिटर्नवरून तयार होणाऱ्या क्रेडिटच्या यादीशी) मॅच करा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ ११ तारखेला आणि ३बी २० तारखेला असतं. त्या आठवड्यात ऑफिसात राहिलात तर पुरवठादाराने रिटर्न भरलं नाही म्हणून आपल्या गिऱ्हाइकाचं क्रेडिट कसं अडकतं ते डोळ्यांनी दिसेल. पतसंस्था किंवा नागरी बँकेचा कर्ज विभागही चांगला. तिथे एकच मागा: मंजूर झालेला एक प्रस्ताव आणि नामंजूर झालेला एक, नावं झाकून वाचायला द्या.

पुण्या-मुंबईत परदेशी बँकांची आणि फंडांची हिशेबाची कार्यालयं आहेत, तिथे फंड अकाउंटिंगसाठी पदवीधर घेतात. त्यांना एक्सेल वेगाने चालवणारा आणि इंग्रजीत नीट ईमेल लिहिणारा माणूस हवा असतो. एक्सलुकअप, पिव्होट टेबल आणि इफच्या अटी एवढं दुसऱ्या वर्षाअखेर हातात बसलेलं असावं.

पायरी ९: परीक्षा आणि शेवटचा प्रकल्प

परीक्षेबद्दल थोडक्यात. गणितात वर्किंग नोट्सना गुण असतात, म्हणून उत्तर चुकलं तरी पायऱ्या दाखवा. सूत्र लिहा, आकडे घाला, मग उत्तर, आणि खाली एक ओळ निर्णयाची: यंत्र घ्यावं की नाही. ती ओळ निम्मे विद्यार्थी विसरतात.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला ‘अमुक शहरातील गुंतवणूकदारांची मानसिकता’ असा विषय घेऊन मित्रांकडून गुगल फॉर्म भरून घेऊ नका. तुमच्याकडे एव्हाना त्याहून बरं काही आहे. पहिल्या वर्षीचं ड्यूपाँटचं पान, खेळत्या भांडवलाचे दिवस, डब्ल्यूएसीसीची शीट, हे सगळं एकाच कंपनीचं. त्यात त्याच धंद्यातली दुसरी एक कंपनी तुलनेला घ्या, पुढच्या तीन वर्षांच्या रोख प्रवाहाचा अंदाज बांधा आणि शेअरची किंमत काढा. बाजारभावापेक्षा तुमचं उत्तर वेगळंच येणार. ते का वेगळं आलं यावर एक पूर्ण प्रकरण लिहा. वाढीचा दर एक टक्क्याने हलवला तर किंमत किती हलते त्याचा तक्ता जोडा.

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात की हाच वाढीचा दर का धरला. त्याचं उत्तर अहवालाच्या पान क्रमांकासह तयार ठेवा. आणि ती एक्सेल फाइल, सगळी सूत्रं उघडी ठेवून, मुलाखतीला लॅपटॉपवर घेऊन जा. प्रिंट नेलीत तर सूत्रं दिसत नाहीत.